पिकर तुटला तर पंधरा मिनिटांत मिळतो

इचलकरंजीतल्या मागाच्या गल्लीत दुतर्फा पत्र्याच्या शेड असतात आणि आतून धोट्यांचा, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणाऱ्या तुकड्यांचा, खडखडाट अखंड चालू असतो. मध्येच एक माग गप्प होतो. बहुतेक वेळा पिकर तुटलेला असतो. धोट्याला ठोका देऊन या टोकाचा त्या टोकाला धाडणारा मूठभर आकाराचा तुकडा, पण तो गेला की माग बंद आणि माग बंद की मजुरी बंद. मालक पोराला मोपेडवरून नाक्यावरच्या दुकानात पिटाळतो. पोरगा परत येईतो जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, पान्हा घेऊन हजर असतो. पंधरा-वीस मिनिटांत माग पुन्हा धावू लागतो. हाच माग एखाद्या आडगावात असता, तर दोन दिवस सहज गेले असते.

शहरात पैसा का पिकतो, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या पंधरा मिनिटांत दिसतं.

पंचगंगेकाठच्या या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला. त्यांना तेव्हाचे जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा आधार होता. आज इथल्या मागांची संख्या लाखांत मोजतात. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. जवळपास कापूस पिकत नाही, बंदर नाही, मोठी राजधानी नाही. मग एवढा धंदा इथेच का साठला?

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९०मध्ये याची तीन कारणं सांगितली होती: कसबी माणसं एका जागी मिळतात, पूरक धंदे शेजारी उभे राहतात आणि कामातली युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप पोचते. तिन्ही गोष्टी इथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. सुताला खळ देणारी सायझिंग वेगळी, बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, भरून आल्यावर एकेक धागा फणीतून ओवणारे वहिफणी कामगार वेगळे, धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरणारे वेगळे, कापड तपासणारे आणि घडी घालणारे वेगळे. त्यामुळे ज्याच्याकडे ना सूत घ्यायला भांडवल, ना गिऱ्हाइकाची ओळख, तोही चार माग टाकून खर्चीवाला होतो. म्हणजे व्यापाऱ्याकडून बीम घ्यायचा आणि मजुरीवर कापड विणून द्यायचं. बाकी सगळं गल्लीत भाड्याने मिळतं. कमी भांडवलाच्या माणसाला शहराने दिलेली ही सर्वांत मोठी सवलत आहे, असं मला मनापासून वाटतं.

मार्शलने शब्दांत मांडलेलं पुढे आकड्यांतही उतरलं. लुईस बेटनकोर्ट, अमेरिकेतल्या सांता फे इन्स्टिट्यूटचे जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, युरोप आणि चीनमधल्या शहरांची माहिती एकत्र करून २००७मध्ये एक नियम मांडला. लोकसंख्या दुप्पट झाली, की शहराचं एकूण उत्पन्न, मजुरी, पेटंट हे सारं दुप्पट होऊन थांबत नाही, ते सुमारे सव्वादोन पटीच्या जवळ जातं. उलट रस्ते, तारा, पेट्रोल पंप यांची गरज दुप्पट होत नाही, ती सुमारे १.८ पटीवर भागते. म्हणजे माणशी कमाई वाढते आणि माणशी लागणारा रस्ता व तार कमी होते.

यामागचं गणित सोपं आहे. दहा माणसांत ४५ जोड्या जमतात, वीस माणसांत १९०. माणसं दुप्पट झाली, पण ओळखीच्या शक्यता चौपटीहून जास्त झाल्या. प्रत्यक्षात कुणी सगळ्यांना भेटत नाही, म्हणून फायदा चौपट होत नाही, थोडाच जास्त होतो. पण होतो हे नक्की.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गंभीर गुन्हे आणि एड्सचे नवे रुग्णही त्याच वाढत्या प्रमाणात वाढलेले आढळले. जोडी जुळली की तिच्यातून कसब जातं, तसा विषाणूही जातो.

इचलकरंजीने हे २०१२च्या उन्हाळ्यात सोसलं. काविळीची साथ आली, हजारो माणसं आजारी पडली, मृत्यूही झाले. या काविळीमागचा हिपॅटायटिस ई हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतो आणि गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. ठरावीक वेळीच पाणी सोडणाऱ्या कुठल्याही शहरात हा धोका असतो. नळ बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो, आणि शेजारून गटार जात असेल, तर फटीतून ती घाण आत ओढली जाते. पुढच्या वेळी पाणी सुटतं ते ती घाण घेऊनच. इथे तर नदीच आधी मळलेली. वरच्या अंगाला कोल्हापूरचं सांडपाणी, खाली कापड प्रोसेसिंगचं.

माणशी कमी नळ लागतो हा नियम म्हणूनच जपून वाचावा. तो नळ कुणीतरी टाकावा लागतो, वेळेवर बदलावा लागतो. धंदा माणसं आपापली जमवतात. गटार आणि जलवाहिनी आपापली जमत नाही. आपल्या बहुतेक शहरांची दुखणी मला याच फरकात दिसतात.

शेडमधल्या माणसाची किंमतही या हिशोबात कुठे धरलेली नाही. मजुरी ‘पिक’वर ठरते, म्हणजे कापडाच्या इंचात आडवे धागे किती, त्यावर मीटरमागे पैसे. पाळी बारा-बारा तासांची. आठ तासांसाठी ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज कानाला घातक मानतात. मागाच्या शेडमध्ये तो ९०च्या वर जातो. कामगार हाताच्या खुणांनी बोलतात, आणि सुटी झाल्यावर चहाच्या गाड्यावरही मोठ्यानेच बोलतात. यातले कितीतरी बिहार, उत्तर प्रदेश, कर्नाटकातून आलेले. गावी शेतात यापेक्षा कमी मिळतं, म्हणून ते इथे टिकून आहेत.

पाण्यासाठी शहराने कृष्णेपर्यंत हात पुढे केला. नंतर वारणेवरच्या दानोळीची योजना आली, तिथल्या गावांनी कडाडून विरोध केला. मग दूधगंगेवरच्या सुळकूडची योजना पुढे आली, तर कागल भागातून विरोध. मला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही. शहर आधी जवळची नदी खराब करतं आणि मग लांबच्या नदीकडे वळतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

शहर कुठे संपतं हेही धड ठरलेलं नाही. ५ हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या तीन अटी पुऱ्या केल्या की जनगणना गावाला शहर म्हणते, मग कारभार ग्रामपंचायतीचा का असेना. देशात अशी जनगणना शहरं २००१मध्ये १,३६२ होती, २०११मध्ये ३,८९४ झाली. इचलकरंजीला लागून असलेलं कबनूर त्यातलंच. २०२२मध्ये इचलकरंजीची महापालिका झाली. कबनूरच्या रस्त्यावर मात्र हद्द कुठे ओलांडली ते कळत नाही. तोच खडखडाट, तेच बीम लादलेले टेम्पो. पिकर तुटला तर कबनूरचा पोरगाही मोपेडवरून त्याच दुकानात जातो.