यरुशलेमच्या मंदिरातली सेवा : पात्रता, वंशावळीची नोंद आणि नेमके अडायचे कुठे

पारसाचा (इराणचा) राजा कोरेश याने इ.स.पू. ५३८ मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) बंदी म्हणून नेलेल्या यहूद्यांना परतायची परवानगी दिली. परतलेल्यांच्या याद्या बायबलमधल्या एज्रा आणि नहेम्या या पुस्तकांत आहेत. बहुतेक वाचक त्या गाळून पुढे जातात आणि मग मंदिरात कोणाला सेवा करता येत होती, याबद्दल गोंधळ होतो. कोणाला घेतले आणि कोणाला थांबवले, हे त्या याद्यांतच लिहिलेले आहे.

आधी गट नीट समजून घ्या. याजक म्हणजे पुरोहित, मोशेचा भाऊ अहरोन याचे वंशज. वेदीवरची अर्पणे आणि धूप त्यांच्याकडे. अहरोन ज्या लेवी वंशातला, त्यातले बाकीचे पुरुष त्यांचे मदतनीस. गायक आणि द्वारपाळ यादीत वेगळे मोजले आहेत. शेवटी नथीनीम, म्हणजे मंदिराच्या सेवेला वाहिलेले सेवक. प्रत्येक याजक लेवी वंशाचा असतो, पण प्रत्येक लेवी याजक होत नाही. कोरह लेवीच होता. त्याने याजकपद मागितले आणि त्याचा शेवट काय झाला ते गणना पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे.

वयाची अट सर्वात जास्त चुकीची वाचली जाते. गणना ४ मध्ये लेव्यांसाठी ३० ते ५० वर्षे, गणना ८ मध्ये २५ पासून, आणि बाबेलहून परतल्यावर २० पासून. २५ आणि ३० चा मेळ रब्बींनी (यहूदी धर्मगुरूंनी) असा घातला की पहिली पाच वर्षे शिकायची. ५० नंतर जड काम सुटायचे, तरी भाऊबंदांना मदत करायला मुभा होती. मुख्य म्हणजे ही अट लेव्यांची आहे. याजकांसाठी मोशेच्या नियमशास्त्रात वयोमर्यादाच नाही.

शुद्धीकरण, वस्त्रे, तेलाचा अभिषेक आणि सात दिवसांचा विधी निर्गम २९ मध्ये क्रमाने दिला आहे. तिथे कोणी अडत नाही. विवाहाचे नियम लेवीय २१ मध्ये आहेत : याजकाला घटस्फोटित स्त्रीशी लग्न करता येत नाही, आणि महायाजकाला विधवेशीही नाही.

खरी अडचण वंशावळीची. परतलेल्यांत हबाया, हक्कोस आणि बर्जिल्लय या तीन कुळांनी आपण याजक असल्याचे सांगितले. नोंदी शोधल्या, सापडल्या नाहीत. त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदातून वगळले. शहर जळालेले, पिढ्या परमुलखात गेलेल्या. अशा माणसांकडून जुनी नोंद मागणे फार कठोर होते, असे मला वाटते.

बर्जिल्लय कुळाचे दुखणे तर आणखी वेगळे. त्यांच्या पूर्वजाने गिलादी बर्जिल्लयाच्या मुलीशी लग्न केले आणि सासरचेच नाव लावले. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि रेशनकार्डावर दुसरे असले की काय होते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

यावर पारसाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या अधिपतीचा निर्णय असा : उरीम व थुम्मीम बाळगणारा याजक उभा राहीपर्यंत यांनी परमपवित्र अन्न, म्हणजे अर्पणांतला याजकांचा वाटा, खाऊ नये. देवाचा कौल घ्यायचे ते साधन महायाजकाच्या ऊरपटात असे. परतल्यानंतर ते कोणी वापरल्याची नोंद बायबलमध्ये नाही. म्हणजे मुदत दिली ती अशी, की ती कधी संपेल हे कोणालाच सांगता येईना.

आता हे लेवीय २१ शेजारी ठेवून वाचा. अंध, लंगडा किंवा हात मोडलेला याजक वेदीजवळ जाऊ शकत नाही, पण परमपवित्र अन्न खाऊ शकतो. शरीरात व्यंग असलेल्याचा घास शाबूत राहिला. नोंद हरवलेल्याचा गेला. हा फरक लक्षात आला की त्या तीन कुळांवर काय ओढवले ते कळते.

तरी वाट पूर्ण बंद झाली नसावी. पुढे यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांत हक्कोसाचा नातू, उरीयाचा मुलगा मरेमोथ आहे. पुढे बाबेलहून आलेला शास्त्री एज्रा याने आणलेले सोने-चांदी तोलून घेणारा याजकही उरीयाचा मुलगा मरेमोथच. दोघे एकच असतील, तर हक्कोस कुळाची नोंद मान्य झाली होती.

नंतरच्या काळात व्यवस्था सुधारली. स्वतः याजक घराण्यातला इतिहासकार जोसेफस सांगतो, की मिसर (इजिप्त) आणि बाबेलमधले याजकही लग्न करताना वधूच्या आईवडिलांची आणि पूर्वजांची नावे साक्षीदारांसह यरुशलेमला पाठवत. युद्ध झाले की उरलेले याजक जुन्या दप्तरावरून नव्या नोंदी करत. ही शहाणी पद्धत आधी असती तर बराच त्रास वाचला असता.

लेव्यांची गोष्ट उलटी. पहिल्या यादीत याजक ४,२८९ आणि लेवी फक्त ७४. एज्रा निघाला तेव्हा अहवा नदीवर त्याला एकही लेवी दिसला नाही. निरोप धाडल्यावर ३८ आले, सोबत २२० नथीनीम. या सर्व सेवकांना पारसाच्या राजाच्या फर्मानाने कर माफ होता. पण करमाफीने पोट भरत नाही. लेव्यांचे दशमांशाचे (लोकांनी द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचे) वाटे कोणी दिलेच नाहीत, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांकडे गेले. यहूदाचा अधिपती नहेम्या याने अंमलदारांना धारेवर धरले, लेव्यांना परत बोलावले आणि वाटप करायला विश्वासू माणसे कोठारांवर नेमली.