सभ्यीकरणाचे ध्येय

आपला समाज प्रगत आणि दुसरा मागासलेला. म्हणून त्याला आपल्या पायरीवर आणणे हे आपले कर्तव्य आणि त्यासाठी त्याच्यावर राज्य करणे हा आपला हक्क, ही वसाहतवादी विचारातील धारणा. फ्रेंचमध्ये तिला ‘मिसिओं सिव्हिलिझात्रीस’ म्हणतात.

मुळे जुनी आहेत. १५१३ पासून स्पॅनिश सैन्य अमेरिकेत ‘रेकेरिमिएंतो’ नावाचे फर्मान वाचून दाखवी : चर्चची आणि राजाची सत्ता मान्य करा, नाहीतर युद्ध व गुलामी. फर्मान स्पॅनिशमध्ये असे. ऐकणाऱ्यांना त्यातले अक्षरही कळत नसे. पुढे १५५०-५१ मध्ये स्पेनमधील व्हायादोलिद येथे, अशी बळजबरी न्याय्य आहे का या प्रश्नावर, तिचा समर्थक पंडित सेपुलवेदा आणि धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास यांचा वाद झाला. लास कासासने बळजबरी नाकारली, धर्मांतराचा हेतू मात्र त्याने सोडला नाही.

एकोणिसाव्या शतकात धर्माची जागा प्रगतीने घेतली. स्वातंत्र्याचा मोठा पुरस्कर्ता जॉन स्टुअर्ट मिल यानेही १८५९ मध्ये लिहिले, की रानटी लोकांसाठी एकाधिकारशाही योग्यच आहे, फक्त तिचा हेतू त्यांची सुधारणा हा हवा. २८ जुलै १८८५ रोजी माजी पंतप्रधान झ्यूल फेरी याने फ्रेंच संसदेत श्रेष्ठ वंशांवर कनिष्ठ वंशांना सभ्य करण्याचे कर्तव्य असते, असे सांगितले. त्याचा संसदेतील विरोधक क्लेमांसो याचे उत्तर आजही वाचण्यासारखे आहे : फ्रेंच वंश जर्मनांपेक्षा कनिष्ठ होता म्हणूनच फ्रान्स जर्मनीविरुद्धचे १८७०-७१ चे युद्ध हरला, असे जर्मन पंडितांनी सिद्ध केले, तेव्हापासून असे शब्द उच्चारण्यापूर्वी आपण दोनदा विचार करतो.

या धारणेतले सर्वांत घातक तत्त्व म्हणजे ‘अजून नाही’. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि निकाल देणारा एकच असल्याने लायक ठरण्याचा दिवस पुढे ढकलता येई. अल्जीरियात १८६५ च्या कायद्याने मुसलमानांना फ्रेंच नागरिकत्व खुले केले, पण त्यासाठी कौटुंबिक बाबींतला मुस्लिम कायदा सोडावा लागे. ते फारच थोड्यांनी केले. उरलेल्यांना १८८१ च्या ‘अँदिजेना’ नियमांनुसार कोर्टाची पायरी न चढवता अधिकारी शिक्षा देऊ शकत. अमेरिकेत १८७९ मध्ये उघडलेल्या कार्लाइल येथील निवासी शाळेत मूलनिवासी मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि मातृभाषा बोलण्यास बंदी असे. वसाहतींतील शाळा-दवाखान्यांचा उपयोग झालाच नाही असे नाही. पण काय शिकावे आणि काय विसरावे हे शिकणाऱ्याला ठरवता आले नाही.

१९१९ च्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) करारनाम्यातील कलम २२ मध्ये ‘अजून स्वतःच्या पायावर उभे न राहू शकणाऱ्या’ लोकांचे कल्याण ही ‘सभ्यतेची पवित्र ठेव’ ठरवली गेली. नैर्ऋत्य आफ्रिका त्याच कलमाखाली दक्षिण आफ्रिकेच्या हाती गेली. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव १५१४ मध्ये जाहीर केले, की राजकीय, आर्थिक, सामाजिक वा शैक्षणिक तयारी अपुरी असल्याची सबब सांगून स्वातंत्र्य लांबवता कामा नये. नैर्ऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, त्यानंतरही जवळजवळ ३० वर्षे थांबला. २१ मार्च १९९० रोजी तो स्वतंत्र झाला.