दुष्काळी काम (सोलापूर जिल्हा)

पाऊस गेला, पीक गेलं, हाताला काम नाही, अशा वेळी सरकारने काढलेलं मातीचं नाहीतर दगडाचं काम म्हणजे दुष्काळी काम. तलाव, रस्ता, बांध, खडी फोडणे, आणि त्या बदल्यात मजुरी किंवा धान्य. सोलापूरकडची जुनी माणसं नुसतं "बहात्तरला खडीवर होतो" एवढंच म्हणतात, पुढचं आपण समजून घ्यायचं. उपाशी माणसाला खायला घालणं ही नक्की कुणाची जबाबदारी, आणि ते फुकट द्यायचं का घाम गाळायला लावून द्यायचं, यावर जगभर भांडणं झालीत, पण या जिल्ह्यात तो वाद दीडशे वर्षं लोकांनी घमेल्यात घालून डोक्यावरून वाहिलाय.

जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाला सरासरी साधारण 500 ते 550 मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला कामाचा भाग सप्टेंबरात, कारण इथलं मुख्य पीक रब्बीची ज्वारी. मृग कोरडा गेला तरी शेतकरी तोंड वाकडं करत नाही, पण उत्तरा-हस्ताने दगा दिला की मग वर्षच गेलं. चांगल्या सालातली ज्वारी पेवात ठेवायची जुनी पद्धत होती. पेव म्हणजे जमिनीखालची कोठी, आत कडेने कडबा लावून दाणे भरायचे आणि तोंड मातीने बंद. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा विषारी झालेली असते, तोंड उघडं टाकून बराच वेळ थांबायचं. माणूस उपाशी असला तरी थांबायचं.

पेव म्हटलं की मंगळवेढा आणि मंगळवेढा म्हटलं की दामाजीपंत. पंधराव्या शतकातले बहामनी राजवटीतले अधिकारी, दुष्काळ पडला तेव्हा बादशहाचं कोठार त्यांनी लोकांना खुलं केलं. पुढे विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला ही कथा सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र कथेचा पहिला अर्धा भागच जास्त अवघड वाटतो, कारण धान्य त्यांचं नव्हतंच ना! स्वतःच्या ताटातलं देणं वेगळं, आणि ज्याचा हिशेब आपल्याला द्यायचाय ते मान जाईल हे माहीत असताना वाटून टाकणं वेगळं. हे दान म्हणायचं का अफरातफर, हा प्रश्न कीर्तनात कुणी विचारत नाही कारण देवाने पैसे भरून तो मिटवून टाकलाय. आणि अजून एक, दामाजींनी आधी दगड फोडा मग धान्य घ्या असं काही सांगितलेलं कथेत नाही.

ती अट इंग्रजांच्या काळात पक्की झाली. 1876 ला पाऊस फसला आणि मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली त्यात सोलापूर होतं. गंमत म्हणजे (गंमत कसली) रेल्वे सोलापुरात 1860 लाच आलेली, म्हणजे धान्य येत होतं, पण घ्यायला पैसा कुणाकडे होता? सरकारने कामं काढली, मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव त्यातलाच. (शहराजवळचा एकरूख म्हणजे हिप्परग्याचा तलावही लोक त्यात धरतात, पण तो 1871 लाच पुरा झाला होता.) मग हिंदुस्थान सरकारने दुष्काळ बघायला धाडलेल्या रिचर्ड टेंपल साहेबांनी 1877 च्या सुरुवातीला खर्च कमी करायला मजुरी खाली आणली, गड्याला दिवसाला एक पौंड धान्य म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम आणि वर किरकोळ पैसे. दिवसभर खडी फोडून तेवढ्यावर माणूस उभा कसा राहायचा? इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी लावून धरल्या. सरकारची भीती काय तर लोक आळशी होतील. ही भीती अजून गेलेली नाही, कुठल्याही चहाच्या टपरीवर रेशनचा विषय काढून बघा.

विणकरांचं दुःख अजून वेगळं. सोलापुरात मागावर पोट असलेली घरं खूप, त्यांची शेती नाही म्हणून त्यांचं पीक बुडायचा प्रश्नच नाही, पण दुष्काळात लुगडं घेतो कोण? गिऱ्हाईक गेलं की माग बंद, माग बंद की चूल बंद, आणि धान्य मात्र बाजारात दिसतंय. त्यांना खडीवर पाठवलं तर बोटं फुटतात, मग सूत हाताळता येत नाही, म्हणजे दुष्काळ संपल्यावरही धंदा बसलेलाच. म्हणून नंतरच्या दुष्काळांमध्ये इथे विणकरांसाठी सूत देऊन कापड विणून घेण्याची वेगळी मदत काढावी लागली. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये 1943 च्या बंगालच्या दुष्काळावरून जे मांडलं, की माणसं धान्य नाही म्हणून नाही तर धान्य मिळवायची ताकद गेली म्हणून मरतात, ते सोलापूरच्या मागवाल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

1972 चा दुष्काळ अजून बोलण्यात आहे. आधीची दोन सालंही वाईटच गेलेली. राज्यात ऐन भरात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामावर होती. मातीकामात खड्डा खणताना मधे एक खुंट तसाच ठेवायचे, त्यावरून खोली मोजायची आणि मापावर पैसे, आणि मुकादमाने टेप जरा सैल धरला का ताणून यावर घरात किती भाकरी होणार ते ठरायचं. खायला अमेरिकेचा तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणि कामावर सुकडी नावाचा कोरडा खाऊ. आमची आजी सांगायची, मिलोची भाकरी थापताना काठाला चिरत जायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे, आणि आपल्या माळदांडी ज्वारीची चव माहीत असलेल्या माणसाला ती खाणं म्हणजे शिक्षाच. पण खाल्ली, आणि जगले.

योगायोग बघा, त्याच 1972 मध्ये पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा पूर्व बंगालच्या निर्वासितांवरचा लेख आला. डबक्यात पोर बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबत नाही, मग हजार मैलांवर पोर भुकेने मरत असेल तर अंतराने असा काय फरक पडतो, हा त्याचा सवाल. महाराष्ट्राने याचं उत्तर फार कोरड्या पद्धतीने दिलं, टॅक्स लावून. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी 1975 ला व्यवसाय कर आला, योजनेचा कायदा 1977 चा, लागू झाला 26 जानेवारी 1979 ला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर भत्ता. म्हणजे दया गेली आणि हक्क आला. देशभरचा 2005 चा रोजगार हमीचा कायदा याच वाटेने पुढे गेला. पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणजे हाच व्यवसाय कर म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ते मुळात या हमीसाठी सुरू झालेले, आणि मी दहा वर्षं ते भरत होतो, कशासाठी ते माहीत नव्हतं. न कळता केलेलं कर्तव्य धरायचं का नाही, सिंगरला विचारायला पाहिजे.

जगाच्या हिशेबात 2024 ला संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने 67 कोटींच्या आसपास माणसं भुकेली होती. सोमालिया 2011, सुदान 2024, गाझा 2025 इथे अधिकृतपणे दुष्काळ म्हटला गेला, आणि सुदान-गाझात तर पावसाचा संबंधच कमी, युद्धाने रस्तेच बंद. तिथे दुष्काळी काम काढून काही होत नाही, कोठार कुलूपबंद आहे आणि किल्ली बंदूकवाल्याकडे.

इकडे अलीकडच्या दुष्काळात, म्हणजे 2012-13 आणि 2018-19 ला, सांगोला-मंगळवेढ्याकडे खडीपेक्षा चारा छावण्यांचीच चर्चा जास्त होती. जनावराच्या दावणीत वैरण टाकताना त्याने आधी काय काम केलं हे कुणी विचारत नाही, आणि शेजारीच पत्र्याच्या आडोशाला मालक राहतो, तो स्वतःची भाकरी घरून बांधून आणतो.