धिंगरी घरी नेल्यावर: पाकिटाची भोकं बुजवू नका

धिंगरी म्हणजे आम्ही पिकवतो ती ऑयस्टर अळंबी (मशरूम). "तुमची धिंगरी दोन दिवसांत चिकट झाली" असा फोन पावसाळ्यात हमखास येतो. बदलून देतोच, पण आधी एक विचारतो: नेल्या नेल्या धुतली होती का? बहुतेकदा उत्तर येतं, "हो, स्वच्छ धुऊन डब्यात भरून ठेवली होती." खराब व्हायला तेवढंच पुरतं.

अळंबी तोडल्यावरही श्वास घेते, ओल सोडत राहते. म्हणून पाकिटाला भोकं आम्हीच पाडतो. काहीजण पाकीट फाटलंय समजून वर चिकटपट्टी लावतात! मग आतून घाम फुटतो, टोपीखालच्या पातळ पडद्यांत पाणी साचतं, कडा पिवळ्या पडतात, आंबूस वास सुटतो. अशी धिंगरी सरळ टाकून द्या, उकळून वाचवायला जाऊ नका.

न धुता खाकी कागदाच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली, तर तीन-चार दिवस सहज टिकते. वर्तमानपत्रात मात्र गुंडाळू नका, शाई लागते. धुवायची ती फोडणीच्या ऐन वेळी, नळाखालून एकदा फिरवून, लगेच फडक्यावर टिपून. रानात ही मेलेल्या लाकडावर उगवते. आमच्याकडे निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या काडावर आणि सोयाबीनच्या भुसावर. मातीचा संबंधच नाही. देठाशी कापसासारखी पांढरी लव दिसली तर ते धिंगरीचेच तंतू, आणि टोपीवरची पांढरी पूड म्हणजे तिचे बीजाणू. हिरवा किंवा काळा डाग दिसला तर पाकीट परत आणा.

"रबरासारखी लागते" ही दुसरी तक्रार. कढई कडक तापू द्या, धिंगरी हातानं उभी फाडून थोडी थोडी टाका, झाकण नको, मीठ शेवटी. अर्धा किलो एकदम ओतली की पाणी सुटून ती नुसती उकडते. कडा तांबूस झाल्या की काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडा, सोबत भाकरी. श्रावणात मटणाची आठवण काढणारेही गप्प बसतात. मिसळीच्या मटकीत मूठभर घालून पाहा. कच्ची मात्र खाऊ नका.

उन्हाळ्यात करड्या रंगाची धिंगरी कमी मिळते, तेव्हा उष्णता सोसणारी गुलाबी देतो. तिचा रंग शिजल्यावर उडतो, यात भेसळ काही नाही. ती जेमतेम एक दिवस टिकते, त्याच दिवशी करा. वाळवलेली महाग वाटते, पण किलोभर ओल्या धिंगरीतून हातात साधारण 100 ग्रॅमच येते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ते पाणी गाळून रश्शात घाला, चव त्यातच असते.

त्र्यंबक, इगतपुरीकडे फिरायला गेलेले ग्राहक झाडावरच्या अळंबीचे फोटो पाठवून "ही खायची ना?" विचारतात. फोटोवरून आम्ही कधीच सांगत नाही, रागावू नका. लाकडावर विषारी जातीही उगवतात. चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडण्याची परीक्षा निव्वळ खोटी. काही विषं शिजवूनही जात नाहीत आणि त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. आदिवासी मंडळी पिढ्यान् पिढ्या ओळखून खातात, त्यांची नजर आपल्याला नाही.

ऑर्डर आदल्या संध्याकाळी आठपर्यंत द्या. टोपीची कड वर वळायच्या आत, पहाटे तोडतो. वजन वाढावं म्हणून एक दिवसही थांबत नाही. खाकी पिशवी मागाल तर फुकट.