इंग्रजी भारी की गणित? मराठी शाळेतल्या वादाची पार्श्वभूमी

शाळेत वादविवाद ठेवला की हा विषय हमखास येतो, इंग्रजी जास्त महत्त्वाचं की गणित. इंग्रजीवाली मुलं म्हणतात इंटरव्ह्यू कशात देणार, गणितवाली म्हणतात सूत्रं जगभर सारखीच असतात, आणि टाळ्या दोन्हीकडे पडतात. पण हे दोन विषय एकमेकांसमोर उभे कधी राहिले हे कोणी सांगत नाही. मी जेवढं वाचलंय त्यावरून मला तरी वाटतं की आपल्याकडचा मूळ वाद गणित कुठल्या भाषेतून शिकायचं हा आहे, इंग्रजी विरुद्ध गणित हे त्याचंच पुढे बदललेलं रूप.

गणित आपल्याकडे इंग्रजीच्या कितीतरी आधीपासून आहे. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरं गिरवायचं, मग मोडी, आणि बाकी सगळा वेळ पाढे. नुसते दोन ते तीस नाही, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पण. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन साते साडेचोवीस हे पोरगं विचार न करता म्हणायचं, कारण शेर, मण, आणे, पै असला सगळा कारभार पाव आणि अर्ध्यातच चालायचा, आणि हिशोब येणाऱ्याला पेढीवर नाहीतर कुलकर्ण्याच्या दप्तरात काम मिळायचं. म्हणजे गणित तेव्हा पोटापाण्याचाच विषय होता. आज इंग्रजीबद्दल जे बोलतात ना, इंग्रजी आलं की नोकरी पक्की, ते तेव्हा हिशोबाबद्दल खरं होतं.

मग इंग्रजी आलं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला ते गणिताला मराठीत घेऊन आलं. १८१९ ते १८२७ एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या काळात, १८२२ मध्ये, शाळा काढायला आणि शाळेची पुस्तकं तयार करायला मुंबईत एक संस्था उभी राहिली. त्या कामात जॉर्ज जर्विस नावाचा लष्करातला इंजिनियर होता, त्याने शास्त्र्यांच्या मदतीने इंग्रजी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. पुढे बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण सुरू केलं, एका बाजूला इंग्रजी आणि शेजारी मराठी, हे आपल्याला माहीत असतं, पण हाच माणूस मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवायचा आणि कॅलक्युलसवर मराठीत पुस्तक लिहून गेला हे कितीजणांना माहीत असतं? १८४६ मध्ये गेले तेव्हा वय पस्तीसही नव्हतं. त्यांना कोणी विचारलं असतं इंग्रजी की गणित, तर त्यांना प्रश्नच कळला नसता असं मला मनापासून वाटतं.

पारडं फिरलं ते नोकरीमुळे. सरकारने इंग्रजी शिक्षणालाच पैसा द्यावा असं सांगणारं २ फेब्रुवारी १८३५ चं मेकॉलेचं टिपण सगळ्यांना माहीत असतं, पण माझ्या मते त्यापेक्षा जास्त परिणाम १८४४ चा. त्या वर्षी गव्हर्नर जनरल हार्डिंगने ठरवलं की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य मिळणार. झालं, घराघरात लोकांना कळायचं ते कळलं. पाढे पाठ असून पण साहेबाच्या ऑफिसात बसता येत नाही आणि इंग्रजी अर्ज लिहिता आला की बसता येतं.

त्याच दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला आणि या सगळ्या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच. अध्यक्ष अर्स्किन पेरी, ते सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, त्यांचं म्हणणं की पैसा आणि लक्ष इंग्रजी शिक्षणाकडे द्यावं. विरोधात कोण, तर नाना शंकरशेठ आणि तोच जर्विस. ज्या इंग्रज माणसाने स्वतः गणित मराठीत आणलं होतं तो म्हणत होता की लोकांना त्यांच्या भाषेत शिकवा. त्याने काम करून बघितलं होतं, त्याला माहीत होतं की भूमिती मराठीत सांगता येते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारला आलेल्या शिक्षणाच्या धोरणपत्राने, मधला रस्ता काढला, खाली देशी भाषा आणि वर इंग्रजी, आणि तिथून मुलाच्या डोक्यातलं गणित मधेच भाषा बदलायला लागलं. बेरीज वजाबाकी मराठीत, बीजगणित इंग्रजीत.

१८५७ ला मुंबई विद्यापीठ झालं, १८५९ ला पहिली मॅट्रिक, न्यायमूर्ती रानडे त्याच पहिल्या बॅचचे. मॅट्रिक म्हणजे फाटक, पुढे कुठे जायचं तर त्यातून जा, आणि ते ओलांडायला इंग्रजी पण लागायचं आणि गणित पण, एकात नापास झालं तर वर्ष गेलं. दोन विषयांची तुलना मुलं करायला लागली असतील तर इथूनच, कारण प्रत्येकाला यातला एक जड जायचा.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं. नावातच इंग्लिश, काढणारे कोण तर मराठीचा कट्टर अभिमानी विष्णुशास्त्री चिपळूणकर, ज्यांच्या नावावर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटल्याचं सांगतात. आणि तिथेच गणित शिकवायला टिळक, ज्यांचे गणितातले गुरू केरूनाना छत्रे. एकाच शाळेत, एकाच कामासाठी. त्या लोकांना दोन्ही हवं होतं आणि दोन्ही कशासाठी हवं हे पण स्पष्ट होतं.

मुलं वादात रामानुजनचं नाव घेतात, आणि बरोबर घेतात. कुंभकोणमच्या कॉलेजात इंग्रजीच्या पेपरात नापास झाल्याने त्यांची स्कॉलरशिप गेली. गणितवाल्यांचा हा हुकमी एक्का. पण पुढचं पण सांगायला हवं, जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र पाठवलं ते इंग्रजीत, मी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला २० पौंडांवर क्लार्क आहे असं साधं लिहिलेलं, आणि पुढे पानंच्या पानं सूत्रं. हार्डींना ज्याने हलवलं ती सूत्रं होती, ती त्यांच्यापर्यंत पोचवणारं पत्र मात्र इंग्रजी होतं.

स्वातंत्र्यानंतर काटा परत हलला. बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढलं, इंग्रजी एकदम आठवीत. नंतर ते पाचवीपासून आलं. आपल्या आजीआजोबांच्या पिढीला गणित पूर्ण मराठीत मिळालं, अंश, छेद, लसावि, मसावि, काटकोन, हे शब्द त्यांच्या तोंडात अजून ताजे आहेत. इंग्रजीला मात्र ते घाबरायचे.

गणिताचा दरारा वाढला तो दोन टप्प्यात. देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितलं की पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांनाच हवं, आणि आपल्याकडे नव्या पद्धतीची दहावी १९७५ ला सुरू झाली. दुसरा टप्पा १९८३, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर मोजक्या मुलांचं स्वप्न होतं ते गावोगावच्या घरांचं झालं आणि त्याची चावी बारावीच्या गणितात होती, मग क्लासेस आले, दहावीला गणितात किती हा प्रश्न लग्नकार्यात पण विचारला जायला लागला. आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे वीसेक वर्षांत दोन्ही विषयांचं वजन एकदम वाढलं, आजची मुलं त्यांना एकमेकांसमोर ठेवून भांडतात यात नवल नाही.

आणि मग सेमी इंग्लिश. शाळा मराठी, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. इथे पेरी आणि जर्विस परत समोरासमोर येतात. वर्गात काय होतं बघा, बाई फळ्यावर लिहितात डिनॉमिनेटर, सांगतात मराठीत, म्हणजे खालचा आकडा रे, मुलं वहीत इंग्रजी उतरवतात, आणि घरी आई म्हणते अरे हा तर छेद. मुलाला आता एकाच गोष्टीची तीन नावं. हुशार मूल तिन्ही धरतं. पण शाब्दिक उदाहरण आलं की बरीच मुलं थांबतात, आणि त्यांची आकडेमोड चांगली असते हो, वाक्यच वाचता आलेलं नसतं. मार्क जातात गणितात आणि अडलेलं असतं इंग्रजी. ही मुलं स्वतःला गणितात ढ समजायला लागतात त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मराठीत पण हा गुंता आहेच. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या की लहान मुलं जोडाक्षरांना आणि उलट्या क्रमाला अडतात, त्रेसष्ट म्हणताना तीन आधी आणि लिहिताना सहा आधी. भाषा बिघडेल म्हणणाऱ्यांची काळजी पण खोटी नव्हती. पण सातआठ वर्षांच्या पोराला सत्त्याऐंशी लिहायला सांगून बघा, तो आधी सात लिहितो की आठ.

अगदी अलीकडे, २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात असं आलं की दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण २० च्या वर मार्क असतील तर शेरा घेऊन अकरावीला जाता येईल, पुढे ते विषय मात्र घेता येणार नाहीत. १८५९ पासूनचं फाटक थोडं किलकिलं करायचा विचार. ज्या मुलाचं शाब्दिक उदाहरण इंग्रजी वाक्यापाशीच अडलं होतं, त्याच्या मार्कशीटवर पण शेरा येणार तो गणिताचाच.