दुपारी एकदा, संध्याकाळी पुन्हा: टोकियोच्या हवेतले परागकण

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत टोकियोच्या हवेतील परागकण तासातासाला मोजले, तर त्यांचे प्रमाण दिवसातून दोनदा चढताना दिसते: एकदा दुपारच्या सुमारास आणि पुन्हा सूर्यास्तानंतर. हे परागकण प्रामुख्याने जपानी सीडारचे, म्हणजे तिथे ज्याला सुगी म्हणतात त्या वृक्षाचे असतात. मात्र सुगीची दाट वने शहरात नाहीत. ती आहेत पश्चिमेच्या आणि वायव्येच्या डोंगरांत, ओमे, ओकुतामा, चिचिबू या भागांत, म्हणजे शहराच्या मध्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर किंवा त्याहूनही दूर. ज्यांना शिंका येतात आणि ज्यांचे डोळे चुरचुरतात, त्यांनी आपल्या गल्लीतल्या झाडांकडे संशयाने पाहण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. शोध घ्यायचा तो हवेच्या हालचालींचा.

सुगीचे परागण कीटकांवर नव्हे तर वाऱ्यावर अवलंबून असते, त्यामुळे हे झाड कोरडे, सुटे आणि अमाप परागकण हवेत सोडते. एका कणाचा व्यास सुमारे ३० मायक्रोमीटर असतो आणि स्थिर हवेत तो सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर एवढ्याच वेगाने खाली येतो, म्हणजे तासाभरात जेमतेम शंभर मीटर. पण उन्हात हवा स्थिर कुठे असते? जमीन तापली की तिच्यालगतची हवा सेकंदाला एक मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने वर चढते, आणि कणाच्या पडण्याच्या वेगापेक्षा हा वेग कित्येक पटींनी जास्त असल्यामुळे कण शेकडो मीटर उंचीवर उचलले जातात. तिथे वारा सेकंदाला पाच मीटर वाहत असेल, तर तासाला अठरा किलोमीटर अंतर कापले जाते. सकाळी ऊन चढून हवेतील दमटपणा कमी झाला की डोंगरातली नरफुले उमलतात, आणि तेव्हा सुटलेले कण तीनएक तासांत, दुपारच्या सुमारास, शहरावर पोहोचतात. पहिली चढती रेघ ती हीच.

संध्याकाळचे कारण वेगळे आहे. सूर्य मावळल्यावर जमीन निवते, वर चढणारे प्रवाह थांबतात आणि दिवसभर उंचावर तरंगत राहिलेले कण हळूहळू खाली उतरतात. त्यात भर पडते ती शहराच्या रचनेची: ओल्या मातीवर किंवा गवतावर पडलेला कण बहुधा तिथेच अडकतो, पण डांबरावर आणि काँक्रीटवर पडलेला कण वाहनांच्या आणि माणसांच्या वर्दळीने पुन्हा उडतो. ऊन उतरले म्हणजे धोका टळला, हा समज त्यामुळे फसवा आहे.

पावसाचा परिणाम दुहेरी असतो. थेंब खाली येताना इतके मोठे कण सहज टिपून घेतात, शिवाय ओलाव्यात फुले मिटलेली राहतात, म्हणून पावसाच्या दिवशी हवा बरीच स्वच्छ असते. मात्र दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, चढलेले तापमान आणि जोराचा कोरडा वारा एकत्र आले, की अडून राहिलेला साठा त्या दिवसाच्या नव्या कणांसह एकदमच बाहेर पडतो. ॲलर्जी घडवणारे सुगीचे एक प्रमुख प्रथिन परागाच्या बाह्य आवरणात आणि त्यावर चिकटलेल्या अतिसूक्ष्म कणिकांवरही असते. या कणिकांचा आकार एक मायक्रोमीटरपेक्षा कमी असल्याने त्या श्वासावाटे अख्ख्या परागकणापेक्षा बऱ्याच खोलवर जाऊ शकतात.

आजचे ऊन-वारे परागकण कधी येणार हे ठरवतात. किती येणार, हे मात्र आदल्या उन्हाळ्यात ठरलेले असते. सुगीच्या नरफुलांच्या कळ्या जुलैपासून आकार घेऊ लागतात, आणि तो महिना उष्ण व भरपूर उन्हाचा गेला तर पुढच्या वसंतात परागही भरपूर येतात. त्यानंतर झाड सुप्तावस्थेत जाते, थंडीने ती अवस्था मोडते आणि जानेवारीपासूनच्या उबेची बेरीज पुरेशी झाली की फुले उमलतात.

उत्तर युरोपात हेच काम बर्च हा वृक्ष करतो, आणि तिथली अंतरे याहून कितीतरी मोठी आहेत. डेन्मार्कमधले बर्च फुलण्याआधीच पोलंड आणि जर्मनीतले पराग तिथे येऊन पोहोचतात, तर फिनलंडला ते बाल्टिक देशांच्या बाजूने येतात. झाडे पराग मुख्यत्वे दिवसा सोडतात, त्यामुळे मध्यरात्री मोजणी अचानक वाढली तर पाहुणे दुरून आल्याची शंका घ्यायला जागा असते.

जपानमध्ये या ॲलर्जीचे वैद्यकीय वर्णन १९६४ मध्ये निक्को परिसरातील रुग्णांवरून प्रसिद्ध झाले. महायुद्धानंतर इमारती लाकडासाठी केलेली प्रचंड लागवड पुढे वयात आली आणि रुग्ण वाढत गेले: देशव्यापी पाहणीत सुगीच्या ॲलर्जीचे प्रमाण १९९८ मध्ये १६.२ टक्के, तर २०१९ मध्ये ३८.८ टक्के आढळले. ही पाहणी कान-नाक-घसातज्ज्ञ आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यात झालेली असल्यामुळे आकडा साऱ्या देशाला तंतोतंत लागू करू नये, पण वाढीची दिशा स्पष्ट आहे. सुगीची कृत्रिम वने आज सुमारे ४४ लाख हेक्टरवर आहेत. ती दहा वर्षांत २० टक्क्यांनी घटवायची आणि तीस वर्षांत परागांचे प्रमाण निम्म्यावर आणायचे, असे उद्दिष्ट जपान सरकारने २०२३ मध्ये जाहीर केले. तोडलेल्या जागी कमी पराग देणारी रोपे लावली जात आहेत. तोवर दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये डोंगरात जाऊन फांद्यांवरची नरफुले पाहायची आणि त्यांच्या संख्येवरून येत्या वसंताचा अंदाज बांधायचा, हे काम चालूच राहील.