रेल्वेमार्गांचा भाडेपट्टा

सरकारी मालकीचे रूळ, पूल, बोगदे, सिग्नल आणि स्थानके ठरावीक मुदतीसाठी खाजगी गुंतवणूकदाराच्या ताब्यात देण्याचा करार. मालकी सरकारकडेच राहते. गुंतवणूकदार एकरकमी किंवा दरवर्षी मोबदला देतो आणि मुदत संपेपर्यंत गाड्या चालवणाऱ्यांकडून मार्गवापराचे शुल्क वसूल करतो. मुदत बहुधा २५ ते ५० वर्षांची असते. काही करारांत गाड्याही त्याच कंपनीकडे जातात, काहींत फक्त मार्ग.

असा पट्टा आर्थिकदृष्ट्या परवडतो का, हे ठरवताना पहिली चूक होते ती मिळालेल्या रकमेला उत्पन्न समजण्याची. ती पुढच्या उत्पन्नाची आगाऊ उचल असते आणि उचल म्हटली की व्याज आले. समजा, एका मार्गातून सगळा खर्च वजा जाता दरवर्षी १०० कोटी उरतात आणि पट्टा ३० वर्षांचा आहे. सरकारला ६ टक्क्यांनी कर्ज मिळत असेल, तर त्या दराने या उत्पन्नाचे आजचे मूल्य सुमारे १,३७६ कोटी भरते. गुंतवणूकदाराला बँकेचे व्याज आणि भागधारकांचा परतावा मिळून १० टक्के सुटायला हवेत. त्यामुळे याच उत्पन्नासाठी तो ९४३ कोटींच्या वर जाऊ शकत नाही. मधले ४३३ कोटी भरून काढायचे, तर त्याला त्याच मार्गातून दरवर्षी १०० ऐवजी १४६ कोटी उरवावे लागतील. मार्गाचा बराचसा खर्च गाड्या कमी असोत की जास्त, तेवढाच राहतो. त्यामुळे ही वाढ वाहतूक वाढवून, शुल्क चढवून किंवा देखभालीला कात्री लावूनच निघते. पहिला उपाय सगळ्यांच्या हिताचा आहे. उरलेल्या दोहोंचे बिल प्रवाशांच्या आणि पुढच्या पिढीच्या नावावर फाटते.

या हिशेबावर एक रास्त आक्षेप आहे. सरकारला कर्ज स्वस्त मिळते, कारण तोटा झाला तर तो करदाते भरतात. खाजगी १० टक्क्यांत मात्र जोखमीची किंमत धरलेली असते. जोखीम खरोखर दुसऱ्याच्या खांद्यावर गेली, तर तिचे पैसे मोजण्यात काही गैर नाही. सगळा वाद येऊन ठेपतो तो इथे. फ्रान्समधील पर्पिन्याँ ते स्पेनमधील फिगेरास हा ४४ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग टीपी फेरो या कंपनीने सवलत-करारावर (कंपनीने मार्ग बांधून ठरावीक मुदतीपर्यंत त्याचे शुल्क घ्यायचे, असा करार) बांधला. मार्ग २००९ मध्ये तयार झाला, पण बार्सिलोनाकडून येणारा जोडमार्ग २०१३ पर्यंत सुरू झाला नाही. अपेक्षित गाड्या आल्याच नाहीत, कर्ज फिटेना, आणि कंपनी बुडाल्यावर २०१६ च्या अखेरीस दोन्ही देशांना मार्ग ताब्यात घेऊन चालवावा लागला. यात गुंतवणूकदार आणि बँकांनीही झळ सोसली, हे मान्य करावे लागेल. तरी वाहतूक थांबवता येत नाही म्हणून शेवटची जोखीम सरकारच्या दारातच उभी राहिली. पूर्व आफ्रिकेत केनिया आणि युगांडा यांनी २००६ मध्ये रिफ्ट व्हॅली रेल्वेजला २५ वर्षांसाठी दिलेली रेल्वेही ठरलेली गुंतवणूक न झाल्याने मुदतीच्या निम्म्यावरच परत घ्यावी लागली.

अनुकूल दाखला म्हणून ब्रिटनमधील लंडन ते चॅनेल बोगदा हा सुमारे १०९ किलोमीटरचा मार्ग सांगितला जातो. २०१० मध्ये तो ३० वर्षांसाठी दोन कॅनडियन निवृत्तिवेतन निधींच्या गटाला २.१ अब्ज पौंडांना दिला गेला. व्यवहार सुरळीत झाला, मार्गही उत्तम चालतो. मात्र बांधकामाचा खर्च मिळालेल्या रकमेच्या जवळपास तिप्पट होता आणि तो सार्वजनिक तिजोरीवरच राहिला. शिवाय देशांतर्गत गाड्यांच्या मार्गशुल्काला सरकारचाच आधार होता. बांधकामाची जोखीम संपल्यावर आणि उत्पन्नाचा मोठा भाग सुरक्षित असताना गुंतवणूकदार चांगली किंमत देतो, एवढाच निष्कर्ष यातून निघतो.

मालवाहतुकीचे गणित वेगळे आहे. मेक्सिकोने १९९०च्या दशकात खाजगी कंपन्यांशी ५० वर्षांचे सवलत-करार केले. अमेरिकेशी वाढत्या व्यापारामुळे मालवाहतूक वधारली, प्रवासी गाड्या मात्र जवळजवळ नाहीशा झाल्या. ब्राझीलमध्येही खनिज आणि धान्य वाहणारे मार्ग भरभराटीला आले, तर कमी कमाईचे कित्येक मार्ग गंजत पडले.

पट्ट्याची खरी परीक्षा त्याच्या उत्तरार्धात होते. चाकांच्या सततच्या दाबाने रुळाच्या माथ्याच्या आतल्या कडेला केसासारखे तडे पडतात. वेळीच घासून काढले तर रूळ वर्षानुवर्षे टिकतो. दुर्लक्ष झाले तर तडा आत उतरतो आणि वरून पाहणाऱ्याला त्याची खोली कळत नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी ब्रिटनमध्ये हॅटफील्डजवळ असाच रूळ धावत्या गाडीखाली फुटून चौघांचा बळी गेला. तिथले जाळे पट्ट्याने नव्हे, तर विक्रीने रेलट्रॅक या कंपनीकडे गेले होते, पण धडा दोन्हींना लागू आहे. देशभर वेगमर्यादा लादाव्या लागल्या, रूळबदलीचा खर्च हाताबाहेर गेला आणि वर्षभरात कंपनी कोलमडली. भाडेपट्ट्यात हा धोका मुदतीच्या शेवटी वाढतो, कारण पाच वर्षांनी सोडायच्या मार्गावर तीस वर्षे टिकणारा रूळ कोण घालेल?

अनेक सरकारांना पट्ट्याचा मोह पडतो तो तूट कमी दिसावी म्हणून. कर्ज काढले तर ते खात्यात दिसते, पट्ट्याची रक्कम जमेच्या बाजूला बसते. अमेरिकेतील शहरी वाहतूक संस्थांनी बँकांना मिळणाऱ्या करसवलतीतला वाटा रोख मिळावा या लोभाने आपले डबे आणि यंत्रणा बँकांना देऊन पुन्हा भाड्याने घेतल्या होत्या. २००८ मध्ये या व्यवहारांना हमी देणाऱ्या एआयजी विमा कंपनीची पत घसरली, त्यामुळे करारांची अट मोडली आणि त्या संस्था गोत्यात आल्या. वॉशिंग्टन मेट्रोकडे एका बेल्जियन बँकेने ६६ डब्यांच्या व्यवहारापोटी ४.३ कोटी डॉलर मागितले.

म्हणून करार तपासताना रकमेआधी हस्तांतरणाची कलमे वाचावीत. मार्ग परत देताना रुळांची झीज किती चालेल, खडी आणि रुळांखालचे आडवे स्लीपर कोणत्या अवस्थेत हवेत, शेवटच्या काही वर्षांत स्वतंत्र तपासणी कोण करणार आणि कमतरता निघाल्यास कोणत्या राखीव ठेवीतून पैसे कापणार, हे मोजमापासह लिहिलेले नसेल, तर बोलीची रक्कम कितीही मोठी असली तरी तिच्यातून मार्गाच्या पुनर्बांधणीचा अंदाजित खर्च वजा करूनच ती पाहावी.